घरात कुणाला होतं का

सिस्टरनी टेबलाच्या खणातून छातीत बसवायचा एक पारदर्शक गोळा काढला आणि खारूच्या तळहातावर ठेवला.

"दाबून बघा. घाबरू नका, फुटत नाही."

खारूनं तो दाबला, सोडला, पुन्हा दाबला, उलटसुलट करून बघितला आणि शेजारी बसलेल्या आईच्या हातात दिला.

"वजन बघ ना. तुझा हात म्हणजे तराजू."

खोटं नव्हतं ते. आईचा जन्म शिवणकामात गेलेला. गिऱ्हाईक बाई दारातून आत आली की टेप न लावता आई तिच्या छातीचं माप सांगायची आणि वर टेप लावून स्वतःलाच शाबासकी द्यायची. गोळा हातावर आला आणि तिला कळलं, हा आपल्यापेक्षा जरासा हलका आहे. तिनं तो लगेच टेबलावर ठेवून दिला.

आपल्यापेक्षा म्हणजे आपल्या डाव्या बाजूच्या पुरचुंडीपेक्षा. चोवीस वर्षांपूर्वी आईला गाठ आली होती आणि गाठीबरोबर सगळी डावी छाती काढावी लागली होती. तेव्हा आई चौतीस वर्षांची आणि खारू पाचाची. दवाखान्यातून घरी आल्यावर आईनं मऊ कापडाची दुहेरी पिशवी शिवली, तिच्यात मोहरी भरली आणि आतल्या कपड्याला कप्पा लावून ती त्यात बसवली. मोहरीला वजन असतं, शिवाय ती अंगासरशी हलते. वर्षातून एकदा शिवण उसवायची, जुनी मोहरी टाकायची, नवी भरायची. उजव्या-डाव्यात सुताचाही फरक नाही. ठाऊक होतं ते फक्त नवऱ्याला आणि बहिणीला. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. बहीण दूर राहते, आणि तिच्या तोंडाला आईनंच शपथ घालून कुलूप लावलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई गिऱ्हाइकांना उठताबसता ऐकवायची. तिची स्वतःची मूठ काही कुणाला दिसली नाही.

"हे जन्मभराचं नसतं, एवढं आधी लक्षात घ्या," सिस्टर सांगत होत्या. "दहा-पंधरा वर्षांनी बदलायची वेळ येऊ शकते. म्हणजे पुन्हा ऑपरेशन. काहींना आजूबाजूचा भाग कडक होतो, दुखतो. स्पर्श कमी कळतो, कुणाकुणाला कायमचा. पुढे बाळाला पाजायचं म्हटलं तर बऱ्याच जणींना जमतं, पण जमेलच असं मी सांगणार नाही. आणि कधी छातीचा फोटो काढायला गेलात, तर काढणाऱ्याला आधी सांगायचं की आत हे बसवलेलं आहे. सांगितलं नाही तर तो फसतो."

खारू सगळं वहीत उतरवून घेत होती. ती ग्रंथालयात कामाला. कुठलीही गोष्ट करायची तर आधी तिच्यावर चार पुस्तकं वाचणारी. प्रश्नसुद्धा घरून क्रमांक घालून आणलेले. सिगारेट ओढत नाही. रक्त पातळ करणारं औषध नाही. सहा आठवडे जड उचलायचं नाही, चालेल, पुस्तकांच्या पेट्या दुसरं कुणीतरी उचलेल.

"कुणाच्या सांगण्यावरून करताय का?" सिस्टरनी विचारलं. "विचारावं लागतं."

"नाही हो. चौदा वर्षांची असल्यापासून मनात आहे. पंधरा वर्षं झाली." खारू हसली. "लोक म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आमच्याकडे उलटं. आड बघा कसा भरलेला आहे, आणि पोहरा कोरडा."

सिस्टर हसल्या. आईही हसली. हा विनोद तिनं घरात निदान शंभरदा ऐकला होता आणि दर वेळी हसली होती, कारण हसलं नाही तर मुलगी निरखून बघेल.

चौदा वर्षांची खारू आरशासमोर उभी राहून म्हणाली होती, "आई, माझं तुझ्यासारखं का नाही गं?" आई तेव्हा तोंडात टाचण्या धरून कुणाच्यातरी झग्याची खालची कड दुमडत होती. तिनं टाचण्या काढल्या, म्हणाली, "वाढशील हळूहळू," आणि टाचण्या परत तोंडात धरल्या. तेव्हा एक वाक्य बोलली असती तर. पण तिचं ठरलेलं होतं, पोरीचं लग्न झालं की सांगायचं. आधी सांगितलं तर बाहेर फुटेल, आणि असल्या दुखण्याचं घर म्हटल्यावर कोण येणार मागणी घालायला? तर लग्नच होईना. दोन-तीन चांगली स्थळं खारूनं भेटण्याआधीच नाकारली. का, ते आईला पुढे कधीतरी कळलं. पोरीला आपल्या अंगाची लाज वाटत होती. म्हणजे आई लग्नासाठी थांबलेली आणि लग्न हिच्या लाजेपायी अडलेलं. कुणाला सांगावं तर हसावं की रडावं असा प्रश्न पडेल.

"आता घरातलं," सिस्टरनी फॉर्मचं पान उलटलं. "आईकडे किंवा वडिलांकडे कुणाला छातीचा कॅन्सर होता का? आई, आजी, मावशी, आत्या?"

खारूनं आईकडे बघितलं. "आजीला नव्हता ना?"

"नाही," आई म्हणाली.

"बाकी कुणाला?"

"नाही. कुणालाच नाही."

सिस्टरनी चौकटीत खूण केली. आईला ती खूण उलट्या बाजूनंही स्वच्छ दिसली. इतकी वर्षं ती गप्प राहिली होती, पण गप्प राहणं वेगळं. आज पहिल्यांदा तिनं तोंडानं खोटं सांगितलं, आणि तेही लिहून घेतलं गेलं.

तेवढ्यात आतल्या दारातून खारूला हाक आली. डॉक्टर मापं घेणार होते. खारू वही आईच्या मांडीवर ठेवून आत गेली आणि दार लागलं.

आई त्या दाराकडे बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "सिस्टर, ते खोडा."

"काय, काकू?"

"ते 'नाही' लिहिलंय ते. मला झाला होता. डावी बाजू पूर्ण काढलीय. तिला माहीत नाही."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, आणि त्यामुळे आईला जास्तच वाईट वाटलं.

"किती वय होतं तुमचं?"

"चौतीस."

"आणि हिचं आता एकोणतीस." सिस्टरनी फॉर्मवरच्या वयावर बोट ठेवलं. "काकू, आईला इतक्या लवकर झालेला असला, तर मुलीची तपासणी पंचविशीच्या सुमाराला सुरू करतात. दर वर्षी. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. मोठी झाली की घेऊन या म्हणाले होते. मी म्हटलं, लग्न झालं की."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. मुलीच्या अंगाला कसलंही कापड टोचू नये म्हणून ती शिवणी आतून मुडपून घालायची, आणि हीच गोष्ट चार वर्षं पुढे ढकलत राहिली होती.

"मला हे लिहावं लागेल, आणि डॉक्टरांना दाखवावं लागेल," सिस्टर म्हणाल्या. "आधी तपासणी, मग बाकीचं. पण तिला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगा. मी पाच मिनिटं बाहेर थांबते."

खारू बाहेर आली ती खुशीत होती. "फार मोठं नको म्हणाले, माझ्या बांध्याला शोभणार नाही. मलाही तेच हवं होतं. सिस्टर कुठे गेल्या?"

"बस जरा."

"काय झालं? घाबरलीस का? अगं, ऑपरेशन माझं आहे."

आईनं खारूचा हात धरला आणि आपल्या छातीवर डाव्या बाजूला ठेवला.

"काय करतेस, कुणी येईल," खारू हसत म्हणाली.

"दाब."

खारूनं दाबलं. बोटांखाली दाणे सरकले. तिचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिनं पुन्हा दाबलं, अगदी हळू.

"हे काय आहे?"

"मोहरी."

पलीकडच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. खारूनं हात काढला नाही.

"कधीपासून?"

"तू पाच वर्षांची होतीस."

"मावशीकडे ठेवलं होतं मला. बाबा म्हणाले, आई कामासाठी गावाला गेलीय."

"हो."

"मी रुसले होते तुझ्यावर. परत आलीस तेव्हा दाराआड लपून बसले, तुझ्याकडे आलेच नाही."

"बरंच झालं तेव्हा. मला उचलता आलं नसतं तुला."

आता खारूनं हात काढून घेतला. ती उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. आईला वाटलं रडेल, ओरडेल; दोन्ही चाललं असतं.

"आरशासमोर विचारलं होतं मी तुला," ती तिकडेच बघत म्हणाली. "इतकी वर्षं मी तुझ्याकडे बघून स्वतःला नावं ठेवत आले. तू समोर बसून ऐकत होतीस."

"हो."

"हसायचीस सुद्धा."

आईनं मांडीवरची वही उगाच सरळ केली. मग उरलेलं तिनं सांगून टाकलं, कारण अर्धं सांगून चालणार नव्हतं: तपासणीचं, पंचविशीचं, गेलेल्या चार वर्षांचं. खारूनं मान वळवली नाही. फक्त तिचा एक हात वर गेला आणि आपल्याच छातीवर थांबला.

सिस्टर दार वाजवून आत आल्या. दोघींकडे बघून त्या जागेवर बसल्या आणि फॉर्म पुढे ओढला. खारू खिडकीपासून आली, पण आईशेजारच्या खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली.

"ऑपरेशनचं राहू दे सध्या," ती म्हणाली. "तपासणी आज होईल का?"

"होईल. खालच्या मजल्यावर. अर्ध्या तासात नंबर येईल. काही असेलच असं नाही हं, पण बघून घ्यायला हवं."

"हो." खारूनं पहिल्यांदा आईकडे बघितलं. डोळे लाल होते आणि नजरेत माया नव्हती, निदान आईला तरी दिसली नाही. "तू शेवटची कधी गेली होतीस तपासायला?"

आई मांडीवरच्या वहीची पानं चाळायला लागली.

"आई, मी विचारतेय. कधी?"

"तू दहावीत होतीस तेव्हा," आई म्हणाली. "मग कागद घरात यायला लागले. तुझ्या हाताला लागतील म्हणून..."

खारूनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती सिस्टरांकडे वळली होती.

"दोन नंबर लावा," ती म्हणाली. "आधी हिचा."