चेरीच्या झाडातली खिडकी

मित्रांनो, मी एल्ब नदीच्या काठावरचा एक जुना दीपस्तंभ आहे. खरं सांगायचं तर अर्धाच! माझा दुसरा अर्धा मागच्या टेकडीवर उभा आहे. तो उंच, मी बुटका. हॅम्बुर्गकडे जाणाऱ्या जहाजांची इथे सारखी वर्दळ असते आणि नदीच्या पोटात वाळूचे ढीग लपलेले असतात. आमचे दोन दिवे बरोबर एकावर एक दिसले, की जहाज खोल पाण्यात आहे असं समजायचं. एक जरा बाजूला सरकलेला दिसला, की वाट चुकली. म्हणून टेकडीवरच्या दादाने कितीही टेंभा मिरवला, तरी माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही.

गवंड्यांनी मला तांबड्या विटांनी बांधलं आणि दिवा सांभाळायला हिनरिक आला. येणारे-जाणारे खलाशी मला हात करायचे. मी अगदी फुशारून जायचो.

नदी आणि मी यांच्यामध्ये मेटाकाकूंची फळबाग होती. तिथल्या चेरीच्या एका झाडावर काकूंचा फार जीव. लग्न होऊन आल्या, तेव्हा माहेरच्या झाडाची काडी आणून त्यांनी स्वतः ते कलम केलं होतं. मलाही ते झाड आवडायचं. पण ते वाढत वाढत गेलं आणि एका उन्हाळ्यात त्याच्या पानांनी माझा दिवा पार झाकून टाकला. एक जहाज वाळूत रुतता रुतता वाचलं. लगेच वरून हुकूम आला, झाड तोडा.

हिनरिक कुऱ्हाड घेऊन बागेत आला. त्याच्याबरोबर टियेस होता. नदीत जहाजांना वाट दाखवणारा हा पायलट. ते वाचलेलं जहाज त्याच्याच हाती होतं.

काकू झाडाला पाठ टेकून उभ्या राहिल्या. "घाल घाव, हिनरिक. आधी माझ्यावर घाल. बुंधा माझाही काही कमी जाड नाही."

"काकू, माझ्या हातात आहे का काही? दिवाच दिसत नाही."

"मग दिवा हलवा!"

"दिवा म्हणजे काय कोंबडी आहे, उचलून दुसरीकडे ठेवायला?" टियेस म्हणाला. "नाहीतर असं करा काकू, झाडालाच खिडकी पाडा. वर पडदेही लावा!"

दोघे खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हिनरिक, ती कुऱ्हाड ठेव आणि करवत आण. शिडीपण आण."

दिवसभर काकू शिडीवर चढून दिव्याच्या आड येणाऱ्या फांद्या कापत होत्या. टियेस होडीतून बघून सांगत होता.

"काकू, खिडकीत दिवा नाही, तुम्हीच दिसताय!"

"बघून घे मग. फुकट आहे!"

ठरलं ते असं. संध्याकाळी टियेस जहाज घेऊन जाईल. दोन्ही दिवे दिसले तर भोंगा वाजवेल. भोंगा वाजला नाही, तर सकाळी कुऱ्हाड. अंधारू लागलं तसा हिनरिकने मला पेटवलं. मी जीव तोडून जळलो. मित्रांनो, एवढी धाकधूक मला वादळातसुद्धा झाली नव्हती.

जहाज आलं. आणि भोंगा वाजला! वाजला तो थांबेचना. फांद्यांत झोपायला आलेल्या भोरड्या भर्रकन उडाल्या. कुऱ्हाडीपुढे न रडलेल्या काकू आता रडत होत्या, हसतही होत्या.

"किती केकाटतोय मेला!" त्या म्हणाल्या. "पण बरं झालं, चेरी खाणारे चोरही पळाले!"

दुसऱ्या दिवशी टियेस टोपी काढूनच बागेत आला. "काकू, वाट जरा सोडली, की खालचा दिवा पानांत गुडूप होतो. आता तुमचं झाडच मला दटावतं, मागे फिर म्हणून!"

आता मी विजेवर जळतो. हिनरिक नाही, काकूही नाहीत. माझ्या काचेवर धूळ बसते, बगळे अंगावर घाण करतात, त्याचं थोडं वाईट वाटतं. पण दर उन्हाळ्यात काकूंच्या घरातलं कुणीतरी शिडी लावतं आणि खिडकी मोकळी करतं.

मित्रांनो, जुनी वस्तू, जुनं झाड तुमच्या आड आलं, तर रागावू नका. तोडायला एक सकाळ पुरते. आधी एक दिवस शिडीवर चढून बघा.