टोपीची खुंटी

"यू, यू, यू... घे. घे म्हणतोय न्हवं?"

भाऊसो हवालदार उकिडवा बसला होता. हातात दुधात कालवलेल्या भाकरीचा घास, आणि समोर बाजेखाली भिंतीला पाठ लावून तांबडी कुत्री. ती घासाकडे बघत नव्हती. हवालदाराच्या तोंडाकडेही नाही. फक्त त्याच्या हाताकडे बघत होती, आणि लाळ गळत असूनही जागची हलत नव्हती.

उंबऱ्यावर शेजारचा जोतिबा बसला होता. "हवालदार, येकात्तरची लढाई तुमी जिकली म्हंत्यात. हितं मातूर कुतरी ठाणं सोडाय तयार न्हाई."

"घाबरलीया. यील ताळ्यावर," भाऊसो म्हणाला आणि घास तिथेच जमिनीवर ठेवून उठला. तो उठताच कुत्री आणखी आत सरकली.

ही कुत्री त्याने गुऱ्हाळावरून सोडवून आणली होती. रहिमतपूरच्या अलीकडच्या गुऱ्हाळात त्याचा ऊस गाळायला गेला होता. तिथला गुंडा गुळव्या तिला जळणाच्या लाकडाने बडवत होता. गुन्हा एवढाच, की तिने गुळाच्या ताज्या ढेपेला तोंड लावलं. भाऊसोने जाऊन गुंडाचं मनगट धरलं आणि चार लोकांदेखत विचारलं, "मुक्या जिवावर हात टाकतूस? ह्यात कसला रं मर्दपणा?" गुंडा खाली मान घालून उकळत्या रसाच्या काहिलीकडे गेला. लष्करातल्या कांबळ्यात गुंडाळून भाऊसोने कुत्री घरी आणली. पुढच्या बाजारात लोक ही गोष्ट एकमेकांना सांगत होते. त्यांच्या जवळून जाताना भाऊसो मुद्दाम दुसरीकडे बघायचा, म्हणजे त्यांना मोकळेपणाने सांगता यायचं.

त्या कुत्रीने आपल्याच हातचं खाऊ नये, हे त्याला फार लागलं होतं. त्याने तिला अंडं दिलं, सुकट दिली, मटणाचं हाड दिलं. पलटणीतल्या मेजरसाहेबांच्या कुत्रीचं होतं म्हणून डेझी हे नावही देऊन पाहिलं. कशाचाच उपयोग झाला नाही. संध्याकाळी ताटली मात्र रिकामी असायची.

"ही खाती तरी कवा?" त्याने बायकोला विचारलं.

मनुबाई ज्वारी पाखडत होती. "तुमी भाईर गेल्यावर."

"का? म्या काय केलंय तिला? उलट मीच सोडवून आणली की."

"आवं, मार खाल्लेलं हाय त्ये," मनुबाई सूप न थांबवता म्हणाली. "हातात काय हाय त्ये न्हाई बघत. हात बघतंय."

आपली बायको इतकं शहाण्यासारखं बोलते, याचं भाऊसोला कौतुकच वाटलं. तिला हे कुठून ठाऊक, असा प्रश्न काही त्याला पडला नाही.

पडायला हवा होता. नोकरीत असताना तो सुट्टीवर यायचा, आणि तिच्यावर हात न उगारता एकही सुट्टी गेली नव्हती. कालवण अळणी झालं म्हणून, दारात उभी राहिली म्हणून, एकदा तर कशासाठीच नाही. तेव्हा गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे आणि त्यालाही वाटलं नव्हतं. पेन्शनीत आल्यापासून त्याने तिला बोट लावलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी तो विषय मिटला होता. तिच्या लेखी मिटला की नाही, हे विचारावं असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून तो सोसायटीत निघाला. जोतिबा बोलवायला येऊन उंबऱ्यात उभा होता. मनुबाई चुलीपाशी राहिलेल्या भाकरी थापत होती, कुत्री तिच्या आडोशाला. टोपीची खुंटी चुलीजवळच भिंतीत उंचावर होती. भाऊसोने घाईत हात वर केला.

कुत्री कण्हत जमिनीला चिकटली. आणि त्याच वेळी मनुबाईचा डावा हात कोपरातून वर गेला, तोंडाआड. डोळे मिटलेले, मान खांद्यात गेलेली. काहीच झालं नाही. मग तिने तोच हात पुढे नेऊन डोक्यावरचा पदर सारखा केला, त्यासाठीच उचलला असावा तसा, आणि तव्यातली भाकरी उलटली.

भाऊसोचा हात वरच राहिला. जोतिबाने सगळं पाहिलं होतं. एरवी त्याला कशावरही थट्टा सुचायची. आता तो स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाला, "चला. ऊन लय हाय आज."

भाऊसो बाहेर पडला तेव्हा त्याचे कान तापले होते. गुऱ्हाळावर आपण काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. जोतिबाच्या आणि त्याच्या घरात एकच भिंत होती. म्हणजे जोतिबाने वर्षानुवर्षं सगळं ऐकलेलं होतं, आणि तरीही गुऱ्हाळाची गोष्ट तो लोकांना कौतुकाने सांगत होता. भाऊसोला त्याच्या बरोबरीने चालवेना.

"टोपी ऱ्हायली. तू हो फुडं," तो कोपऱ्यावर म्हणाला आणि मागे फिरला.

दाराशी आला तर आतून मनुबाईचा आवाज येत होता.

"ये बया, ये भाईर. गेलं एकदाचं. ही तुझी, ही माझी. सावकाश खा की गं, कोन लागलंय आता मागं?" आणि ती हसली. कुत्रीची शेपटी पत्र्याच्या डब्यावर आपटत होती. मनुबाई तिला कसलीशी माहेरची गंमत सांगू लागली, तोंडात घास असतानाच.

नवऱ्यामागून बायकोने जेवायचं, ही तर घरोघरची रीत. ती रीतच पाळते, असं समजून भाऊसोने आजवर तिकडे पाहिलं नव्हतं. आपण घरात असेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही, हे त्याला आज कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली. स्वतःच्याच दारात तो चोरासारखा उभा होता, आणि पाय न वाजवता तो तसाच मागे सरला. टोपी आतच राहिली.

सकाळी तो मनुबाईला म्हणाला, "तांबडीला घिऊन जरा परसात जा. खुंटी ठोकायचीया, आवाज व्हईल."

आवाजाचं निमित्त होतं. त्या दोघींसमोर त्याला हातोडा उचलायचा नव्हता. दोघी गेल्यावर त्याने चुलीजवळची खुंटी उपटून काढली आणि दाराशी, कमरेइतक्या उंचीवर ठोकली. मग तिच्यावर टोपी अडकवली.

मनुबाई आत आली आणि खुंटीकडे बघत राहिली. "एवढी खाली?"

"हात वर जात न्हाई आता. खांदा दुखतुया."

"तेल चोळून दिऊ?"

"नगं," तो घाईने म्हणाला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

दुपारी तो भराभर जेवला. वाकून टोपी घेतली, चपला वाजवत बाहेर आला, आत ऐकू जाईल असं खाकरला आणि जोतिबाच्या कट्ट्यावर जाऊन बसला. कट्टा चांगलाच तापला होता.

"हवालदार, घरात पडा की वाईच," जोतिबा म्हणाला. "उनात काय बसलाय?"

"बसतो जरा," भाऊसो त्याच्याकडे न बघता म्हणाला. "आत दोघी जेवत्यात."