एकोणीस दिवसांचा परवाना

अगं, नुसतं ऐक! आमच्या लॉर्नामावशीची संधिवाताने आखडलेली बोटं गांजाच्या तेलाशिवाय वळत नाहीत, म्हणून घरामागे त्याची झाडं लावायचा तिला कॅनडा सरकारचा परवाना. नूतनीकरणाचा अर्ज अकरा महिने पडून, म्हणून ती थेट व्हँकुव्हरच्या कोर्टात गेली. आज ती मला सोबत घेऊन गेली, तर दारातच सरकारी वकिलाने हसत नवा परवाना तिच्या हातात ठेवला.

"घ्या मॅडम, आता केस मागे घ्या."

मावशीने चष्मा लावला. परवाना एका वर्षाचा, पण वर्ष मोजलेलं अर्जाच्या तारखेपासून! उरले दिवस एकोणीस.

"अहो, झाड तयार व्हायला चार महिने लागतात. त्याला काय तुमचं कॅलेंडर वाचून दाखवू?"

"मग परत अर्ज करा."

तेवढ्यात आमच्या केसचा पुकारा झाला. माघार घेतली तर पुन्हा अर्जाची रांग, लढली तर न्यायाधीश म्हणणार, परवाना मिळालाय की, मग केस कशाला! मावशी माझ्याकडे बघतेय. तू काय केलं असतंस गं?