दोघींचे परमिट

शर्मिलाने सासूला पडवीत खुर्चीवर बसवले आणि तिच्या मागे पांढरी चादर धरून सासऱ्यांना उभे केले. अरुणाचलच्या परमिटासाठी फोटो हवा होता, आणि फोटोच्या मागे पांढरेच लागते. रुक्मिणीने पदर डोक्यावर घेतला. शर्मिलाने खूण केली तेव्हा कान दिसतील इतका मागे सारला. डोळे मात्र तिने देवासमोर बसावे तसे मिटून घेतले.

"आई, डोळे उघडा. झोपलेल्या माणसाक तंय सोडणत नाय."

दुसऱ्या खेपेला डोळे उघडे आले, पण चादरीच्या कडेला धोंडूंची चार बोटेही आली. रुक्मिणीने फोन लांब धरून निरखून पाहिले.

"ह्येंची बोटां येवंदेत माज्यावांगडा," ती म्हणाली. "बाकीचो म्हातारो रवांदे हंयच."

धोंडू हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. उभी हयात त्यांनी होडीवर काढली होती. आता अंगणातून विहिरीपर्यंत जाताना त्यांना मध्येच थांबावे लागे. तिथल्या उंचावरची हवा त्यांना झेपणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून जायच्या त्या दोघीच.

चंदन त्यांचा एकुलता एक मुलगा, शर्मिलाचा नवरा. अरुणाचलात, सरहद्दीजवळ रस्ता बांधणाऱ्या एका कंपनीत तो डंपर चालवायला गेला होता. एका वळणावर डोंगर सुटला आणि डंपर नदीत गेला. डंपर मिळाला, तो मिळाला नाही. कंपनीच्या कागदावर 'बेपत्ता' असे लिहून आले, आणि त्या एका शब्दाला धरून रुक्मिणी आजवर जगत आली होती. तिने त्याचे दिवसकार्य करू दिले नाही. सकाळी ग्रामदेव रवळनाथाला पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाण्याचा घोट घेत नसे, आणि गाऱ्हाणे एकच घालत असे, चंदन घरी येऊ दे.

शर्मिलाच्या गळ्यातले काळे मणी तसेच राहिले. वाडीत हळदीकुंकू असले की तिला बोलावणे येई. पण कुंकू लावणारीचे बोट कपाळाशी येऊन किंचित थबके. माहेरून, रेडीहून, आईचा फोन आला की ती बोलत बोलत माडांच्या पलीकडे जाई.

तारकर्लीच्या एका लॉजमध्ये शर्मिला पाहुण्यांच्या खोल्या नोंदवायची, त्यामुळे तिकिटे, फॉर्म, गाड्या यांची तिला सवय होती. कुडाळहून रेल्वेने मुंबई, तिथून विमानाने गुवाहाटी, मग गाडीने तेजपूर, बोमडिला, आणि सेला खिंड ओलांडून तवांग. त्याच्याही पुढे जायला वेगळी परवानगी लागते. ती तिथल्या कचेरीत मागावी लागणार होती. तिथल्या गाडीवाल्याशी ती फोनवर लॉजवरच्या हिंदीत बोलली. कशासाठी यायचे आहे ते त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, तो रस्ता आता सोडून दिलाय, नवा वरून काढलाय. नव्या रस्त्यावरून ते वळण खाली दिसते. तिथे मी गाडी थांबवीन, पण खाली उतरायला वाट नाही.

संध्याकाळी तिने हे घरी सांगितले. रुक्मिणी वाती वळत होती.

"वरसून हाक मारली तर खाली आयकाक येयत?"

धोंडूंनी सुनेकडे पाहिले.

"पाण्याचो आवाज मोठो आसा, आई," शर्मिला म्हणाली.

मग तिने फोनवर फॉर्म उघडला. नाव, वय, गाव झाले. पुढे प्रवासाचे कारण निवडायचे होते. पर्यटन, नोकरी, धंदा, नातेवाईकाची भेट असे तिने वाचून दाखवले.

"नातेवाईकाची भेट," रुक्मिणी म्हणाली.

शर्मिलाने ते निवडले. खाली लगेच नव्या चौकटी उघडल्या. नातेवाईकाचे नाव. राहण्याचा पत्ता.

"घाल मां. चंदन."

तिने नाव घातले. पत्त्याच्या चौकटीत बारीक रेघ उघडझाप करत राहिली. धोंडू उठले आणि काही काम नसताना अंगणात गेले. शर्मिला फॉर्ममध्ये मागे गेली आणि तिने पर्यटनावर बोट ठेवले. रुक्मिणीची वात हातातच होती.

परमिट आले. दोघींची नावे, दोघींचे फोटो. तिकिटे तेवढी काढायची राहिली.

"आता देवाक विचारूया," रुक्मिणी म्हणाली.

हे वाक्य येणार हे शर्मिलाला ठाऊक होते. या गावात देवाचा कौल घेतल्याशिवाय लग्न ठरत नाही, होडी पाण्यात पडत नाही. सरकारने हो म्हटले होते. पण नकाराचा डावा कौल ओलांडून या घरातले कोणी कधी उंबऱ्याबाहेर पडलेले नव्हते. आणि तिला जायचे होते. एकदा ते वळण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती बायको की विधवा, हे तिचे तिलाही सांगता येणार नव्हते.

सकाळी देवळात बाबू गुरवाने फुलांच्या पाकळ्या भिजवून देवाच्या पाषाणी मूर्तीच्या छातीवर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवल्या. मग हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, धोंडूची घरकारीण रुक्मिणी आणि तिची सून शर्मिला, दोघीजणी झिलाच्या, चंदनाच्या जाग्यार जाऊक निघाली हत. मुलूख लांबचो, डोंगर उंच. तुजी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," रुक्मिणी म्हणाली. शर्मिलाचे ओठ नुसतेच हलले.

बराच वेळ काही झाले नाही. समईची ज्योत हलली, स्थिर झाली. मग डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"वयनी, म्हाराजाची इच्छा नाय," बाबू हळूच म्हणाला. शिमग्यानंतर पुन्हा विचारून बघू, असेही त्याने सुचवले. रुक्मिणीने मान हलवली, वाकून तीर्थ घेतले. शर्मिलाने धीर करून तिच्याकडे पाहिले. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवावा, तसे सासूचे खांदे सैल झाले होते.

वाटेत व्हाळावरचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, लागतो. तिथे रुक्मिणी टेकली. कापणी झालेल्या मळ्यात बगळे उतरले होते.

"सर्वेशाक सुट्टी मेळतली काय गो?"

सर्वेश शर्मिलाचा भाऊ, रेडीच्या बंदरावर कामाला. त्याचे आता काय, हे तिला उमगेना.

"तुज्यावांगडा कोणतरी होयो मां. इतक्या लांब एकटी नको जाव."

"पण आई, कौल..."

"तो माका दिल्यान. गाऱ्हाणा माज्या नावाचा. तुका देवान खंय अडवल्यान?"

शर्मिलाने देवळात नीट ऐकले होते. बाबूने दोन्ही नावे घेतली होती, चांगली मोठ्याने. 'व्हय म्हाराजा' म्हणणारी तर हीच होती. देवाचा शब्द जन्मात कधी इकडचा तिकडे न केलेली बाई व्हाळाच्या पाण्याकडे बघत होती.

"मी जाऊन तंय काय करतलंय? हाक मारतलंय आणि परत येतलंय. ती मी हंयसूनय मारतंय." तिने पदराने तोंड पुसले. "तुका मातर जाऊक होया."

शर्मिला तिच्याजवळ बसली. दोघींच्या मध्ये हातभर जागा होती.

"परत इल्यार भावाबरोबर थेट रेडीक जा. आवशीकडे. बरे दीस रव." रुक्मिणी थांबली. तिची नजर सुनेच्या काळ्या मण्यांवर गेली, आणि पुढचे तिने इतक्या हळू सांगितले, की शर्मिलाला वाकावे लागले. "तंय न्हयच्या पाण्यात काय सोडूचा आसात, तां सोड. माका येवन सांगा नको."

घरी धोंडू पायरीवर वाट बघत होते. कौल कसा झाला, ते त्यांनी लांबूनच विचारले. रुक्मिणीने आधी पायांवर पाणी घेतले, नीट, दोन्ही पायांवर.

"हिका उजवो," ती म्हणाली. "माका डावो."

आणि ती आत गेली.