एकतीस फुल्या

सर्व्हेचं काम मी मागून घेतलं. घरात इंटरनेटचा धंदा, लेक खांबावर चढून तारा जोडणार, सून नकाशे काढणार, आणि मी काय नुसती भाजी निवडत बसू? या गावात चाळीस वर्षं काढलीत. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची थोरली कुठे दिली, सगळं तोंडपाठ.

सूनबाई म्हणाली, "आई, फार लिहायचं नाही. लाइन हवी म्हणतील त्या दारापुढे बरोबरची खूण, नको म्हणतील तिथे फुली."

"एवढ्यासाठी मला शिकवू नकोस," मी म्हटलं. आणि तिथेच माती खाल्ली.

वखारीमागे दोन वर्षांपूर्वी नव्या इमारती झाल्या. सगळे भाडेकरू, बाहेरून आलेले. मी तिकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. स्वयंपाक आवरून भर दुपारी गेले. एकतीस दारं. बेल वाजवली, कडी वाजवली, शेवटी तळहाताने बडवलं. आतून हूं की चूं नाही. चपला बाहेर, आत पंखा फिरतोय, म्हणजे माणूस घरात! तरी उघडेना. मला दारातून परत पाठवणारा अजून जन्मायचा होता, आणि इथे एकदम एकतीस निघाले. अशी तापले की जिन्यात बसून कागद फाटेपर्यंत फुल्या मारल्या.

"त्या गल्लीला काही नकोय," घरी येऊन सांगितलं. "शिष्ट माणसं आहेत." सूनबाईने मान डोलावली आणि गल्ली नकाशातून पुसून टाकली.

आठवड्याने बघते तर सूनबाई डोकं धरून बसलेली.

"काय झालं गं?"

"मोठ्या कंपनीकडून आपण एक मुख्य लाइन घेणार आणि पुढे घराघरात वाटणार. शुक्रवारपर्यंत दीडशे घरं दाखवली नाहीत, तर ते हा भाग दुसऱ्या कुणाला देतील. माझी सव्वाशेच होतात."

"मग पुलापलीकडची वसाहत घे की."

"घेतली असती. पण तेही आपल्यासारखेच, रात्री आठला सगळे एकदम नेट लावून बसणार. त्या दोन तासांसाठी दुप्पट क्षमतेची लाइन घ्यायची, आणि बाकी दिवसभर ती रिकामी. मग महिन्याचे दर असे चढतील की कुणी दारात उभं करणार नाही."

"म्हणजे अख्ख्या इमारतीने सकाळी सहालाच नळ सोडायचा आणि वर म्हणायचं, टाकी लहान आहे."

"अगदी तसंच."

हिने चांगली नोकरी सोडून दोन वर्षं या कामात घातली होती. रडली असती तर समजूत काढली असती. ती नुसती पेन्सिलीला टोक करत राहिली. टोक झालेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक.

मला त्या गल्लीचा नव्याने राग आला. दार उघडायला काय हात मोडले होते? पायात चपला अडकवल्या आणि जाब विचारायला निघाले. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील.

गल्लीत शिरले आणि थबकलेच. सगळी दारं सताड उघडी! एकजण नळावर दात घासतोय. खिडकीला आरसा टांगून दुसऱ्याची दाढी चाललीय. कुठे इस्त्री फिरतेय, कुठे चहाला उकळी. पायरीवर एक मुलगी नर्सच्या कपड्यांत वेणी घालत बसलेली. तिने मला हसून विचारलं, "काय मावशी, इतक्या सकाळी कुणाकडे?"

"सकाळ? अगं, दिवेलागण व्हायला आली!"

"आमची सकाळच ही. मी रात्रपाळीला, हा बेकरीतला भट्टीवर, ते काका कारखान्याचे पहारेकरी. अख्खी गल्ली सकाळी आठला अंथरुणात आणि चारनंतर जागी."

बेकरीवाला तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "तरी गेल्या आठवड्यात कोण बया भर दुपारी दारं बडवत होती! अर्धवट झोपेत वाटलं, इमारतच पडतेय."

"असेल कुणी बिनकामाची," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "आवाज असाच होता हो."

मी पटकन कागद काढला. "नेटची लाइन हवी का कुणाला?"

असा गराडा पडला म्हणता! नर्स म्हणाली, तिचा परीक्षेचा ऑनलाइन वर्ग साडेचारला असतो आणि मोबाइलवर बाईंचं उघडं तोंड तसंच अडकून बसतं. पहारेकऱ्यांना कामावर जाण्याआधी नातीला डोळे भरून बघायचं असतं. बेकरीवाल्याने आधी दर विचारला, मग घासाघीस केली, आणि वर शेजाऱ्यालाही लाइन घ्यायला लावली. सत्तावीस खुणा झाल्या. कपभर चहा झाला. दुसरा कप मी मागून घेतला.

घरापर्यंतचा रस्ता मात्र लांबला. कारण आता ते बोलायचं होतं. मी आजवर सासूला म्हटलं नव्हतं, नवऱ्याला म्हटलं नव्हतं, आणि सुनेला म्हणायचं?

कागद तिच्यापुढे ठेवला. "माझं चुकलं. झोपलेल्या माणसांना मी शिष्ट म्हटलं आणि तुझं काम अडवलं."

सूनबाईने आ वासला. "अहो! लवकर इकडे या! आई काय म्हणतायत ऐका!"

"एकदाच म्हणणार होते," मी बजावलं. "झालं म्हणून."

पण तिचं लक्ष कुठलं? कागदावर बोट ठेवून ती उठलीच. "आई, ही गल्ली नेट वापरणार कधी?"

"सकाळी आल्यावर तासभर आणि मग चार ते सात. रात्री आठला सगळे कामावर."

"म्हणजे बाकी गाव नेट लावून बसायच्या आत हे उठून कामावर जाणार! लाइन तीच पुरते. आणि घरं झाली एकशे बावन्न!"

शुक्रवारी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. सूनबाईने तो मोठ्या आवाजावर ठेवला. साहेब म्हणाले, "आखणी छान आहे, पण दुपारनंतर एका गल्लीत एवढा वापर? आकडा चुकला असणार."

ती समजावू लागली, तेवढ्यात मीच पुढे झाले. "साहेब, सर्व्हे मी केलाय. तुम्ही कचेरीत डुलक्या काढता ना, त्याच वेळी माझी माणसं जागी होतात. खात्री करायची तर साडेपाचला या, चहा मिळेल. दुपारी आलात तर बेकरीवाला लाटणं फेकून मारील."

पलीकडे साहेब जे हसत सुटले! "राहू द्या, मावशी. मंजूर."

फोन ठेवताच सूनबाईने माझे दोन्ही हात धरले आणि खोलीभर गरागरा फिरवलं. माझे गुडघे दुखतात हे तिला पक्कं ठाऊक आहे. मीही आठवण करून दिली नाही.