पंपाचा दांडा

प्रशिक्षण संपल्याचा समारंभ झाला, तेव्हा धाकटी सगळ्यांत पुढे बसली होती. घरी ती शेंडेफळ, म्हणून धाकटी. परदेशात आलेल्या स्वयंसेवकांच्या या तुकडीतही तीच वयानं लहान निघाली आणि नाव इथंही चिकटलं. शपथ घेताना तिचा आवाज असा काही चढला, की शेजारचा हळूच म्हणाला, जरा दमानं घे, गाव कुठं पळून जात नाही.

निघताना प्रशिक्षक बाईंनी तिला बाजूला घेतलं. पाणी तपासायचं काम तिला चोख येत होतं, तिथली भाषाही तिनं भराभर उचलली होती. बाईंना काळजी होती ती तिच्या उतावळेपणाची.

"वाईट पाणी बंद करण्याआधी दुसरं पाणी आणायचं," त्या म्हणाल्या. "ते आल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही."

धाकटीनं मान डोलावली. तिचं अर्धं लक्ष सामानाकडं होतं.

गावात तिची सोय एका विधवा बाईच्या घरी झाली. तिला मावशी म्हणायचं ठरलं. मावशीचा मुलगा गवंडीकाम करायचा. घरात त्याची बायको आणि नुकतीच बोलायला लागलेली मुलगी, छकुली. धान्याच्या खोलीतली पोती भिंतीला सारून धाकटीसाठी खाट टाकली होती. खिडकी लागत नव्हती, म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या होत्या.

सून धाकटीच्याच वयाची. पहिल्याच जेवणात धाकटीचे दोन शब्द उलटेपालटे झाले आणि मीठ मागताना तिनं सासू मागितली. "आहे की घरात," सून म्हणाली, "हवी तेवढी घे." गवंड्याला ठसका लागला. मावशीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. सून तिला शब्द शिकवायची, चुकली की हसून बेजार व्हायची.

मावशीच्या तळहातांवर काळपट, टणक पुळ्या होत्या. गवंड्याच्या तळव्यांवरही होत्या, पण तो त्या चुन्याच्या समजत होता. धाकटीनं असे हात प्रशिक्षणात चित्रांत पाहिले होते. तिनं चौकातल्या हातपंपाचं पाणी तपासलं. पाणी काचेसारखं स्वच्छ, चवीला गोड. नळीतल्या पट्टीचा रंग मात्र गडद झाला. तिनं पुन्हा तपासलं. पाण्यात आर्सेनिकचं विष होतं, आणि भरपूर होतं.

तिच्या झोपेचं खोबरं झालं. संस्थेकडून पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी यायची होती, पण ती वाटेत कुठंतरी अडकली होती. इकडं छकुली रोज तेच पाणी पीत होती. धाकटीनं गावच्या मुखियाला गाठलं आणि गावाची बैठक बोलवायला लावली. मुखिया म्हणत होता, टाकी येऊ दे, मग बघू. धाकटीनं मावशीचे हात सगळ्यांना दाखवले. तेवढ्यात सून उठली.

"माझ्या पोरीला मी हे पाणी देणार नाही," ती म्हणाली. "नदी काय, थोडी लांब आहे इतकंच."

सुनेनंच तोंड उघडल्यावर बाकीच्या बायकाही बोलू लागल्या. मुखियानं पंपाचा दांडा काढून आपल्या घरी नेऊन ठेवला. धाकटीनं प्रशिक्षक बाईंना कळवलं तेही दांडा निघाल्यावर.

नदी गावाबाहेर होती, काठ मातीचा आणि उभा. बायका रोज डबे घेऊन जात. येण्याजाण्यानं काठ झिजत गेला, सांडलेल्या पाण्यानं निसरडा झाला. एका दुपारी सून भरलेले दोन्ही डबे उचलून वर चढत होती आणि तिच्या पायाखालची दरडच सुटली. बायकांनी आरडाओरडा केला, एकीनं ओढणी टाकली. पाण्याला ओढ होती. गवंडी कामावरून धावत आला, तोवर ती खालच्या वळणावर झुडपांत अडकलेली सापडली होती, जीव गेलेला.

मुखियानं कुणाला न विचारता दांडा परत बसवला.

प्रशिक्षक बाई गाडी घेऊन आल्या. त्यांनी बोल लावला नाही. सामान बांध, एवढंच म्हणाल्या. धाकटीनं आधी घरच्यांशी बोलायची परवानगी मागितली. गवंडी ओसरीवर बसला होता. त्याच्यासमोर तिनं सगळं सांगितलं: दुसरं पाणी येईपर्यंत थांबायचं असतं, तिला तसं बजावलं होतं, आणि ती थांबली नाही.

गवंड्यानं विचारलं, "पंपाचं पाणी वाईट आहे, हे खरं?"

"खरं."

"मग तुला शिव्या तरी कशा घालू?"

तो उठला. घागरीत पंपाचंच पाणी होतं. तांब्या भरून तो तिच्यासमोर घटाघटा प्यायला आणि आत गेला.

धाकटी बाईंबरोबर गेली नाही. टाकी बसेपर्यंत राहते म्हणाली. मावशीनं तिला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. ताट वाढून पुढं ठेवायची आणि पाठ फिरवून बसायची. आता शब्द चुकला तरी कुणी दुरुस्त करत नव्हतं. छकुली आईला हाका मारत दारापर्यंत जायची, आणि धाकटी खोलीत पोत्याला टेकून ऐकत राहायची.

अखेर टाकी आली. तिला विटांचा चौथरा हवा होता, आणि गावात गवंडी एकच. त्याला विचारायची कुणाची छाती होईना. सकाळी तो आपणच थापी घेऊन आला. धाकटी विटा देत राहिली, तो रचत राहिला. चौथरा असाच पुरा झाला.

पाऊस पडून टाकी भरली. नळ सोडला त्या दिवशी मावशी दोन घागरी घेऊन आली. एक तिनं नळावर भरली. दुसरी घेऊन ती पंपाकडं वळली.

"मावशी, हेच घ्या ना," धाकटी म्हणाली. "दोन्हीला पुरेल."

"हे पोरीचं," मावशी म्हणाली. दांडा खाली दाबत ती पुढं बोलली, "सुनेनं मागितलं होतं तिच्या पोरीसाठी. मला काय करायचंय त्याचं?"

धाकटीनं छकुलीची घागर कमरेवर घेतली आणि मावशीची भरेपर्यंत थांबली. मग मावशी पुढं आणि ती मागं, अशा दोघी घराकडं निघाल्या.