डॉलीची हजामत

कुत्रीच्या कानामागे बोट घातले, तर कौतिकच्या बोटाला केस लागलेच नाहीत. लागला तो एक घट्ट गोळा, जुन्या दोरखंडाच्या गाठीसारखा. त्याने गोळा जरा हलवून पाहिला. कुत्री कळवळली, पण चावली नाही.

"धरा घट्ट, वहिनी," तो म्हणाला. "खाली कातडं सडेल हाये."

प्रमिलाबाईंनी नाकाला पदर लावून एका हाताने कुत्रीला दाबून धरले होते. शेजारी बाजेवर त्यांचे यजमान शालिग्रामभाऊ बसले होते. त्यांच्या हातात एक रंगीत फोटो होता. त्यात या कुत्रीची आई उभी होती. अंग तासल्यासारखे साफ, चारही पायांच्या तळाशी केसांचे गोल झुपके, शेपटीच्या टोकाला एक झुपका आणि डोक्यावर एक. पांढऱ्याशुभ्र शेवंतीची फुले चिकटवावीत तसे.

"अशी झाली पाहिजे," शालिग्रामभाऊ म्हणाले.

शालिग्रामभाऊ रावेर स्टेशनात केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला पाठवत. तिथल्या एका बड्या सेठने सत्त्याऐंशी साली त्यांना हे पिल्लू भेट दिले होते. त्याची जात पूडल, नाव डॉली. शालिग्रामभाऊंनी ते मांडीवर घेऊन रेल्वेने आणले. महिनाभर घरात कौतुक चालले. मग ते पिल्लूही घरातल्या इतर वस्तूंपैकी एक झाले.

चूक झाली ती इथेच. गावातल्या कुत्र्यांचे केस उन्हाळ्यात आपोआप झडतात. पूडलचे झडत नाहीत. ते माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, आणि विंचरले नाहीत तर एकमेकांत गुंतून त्यांची घट्ट चटई होते. हे कुणी सांगितले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते. त्यात ही कुत्री दिवसभर केळीच्या घडांमधून लोळायची. केळीचा चीक कपड्याला लागला, की कपडा फाटेपर्यंत डाग जात नाही, हे रावेरच्या लहान पोरालाही ठाऊक असते. सव्वा वर्षात पांढरी कुत्री गोणपाटाच्या रंगाची झाली. गुरांच्या डॉक्टरने मलम दिले आणि केस काढा म्हणाला. मेंढ्यांची लोकर कातरणारा धनगर आणला, तर तो म्हणाला, सगळी सपाट करून देतो, झुपकेबिपके आपल्याला जमत नाहीत. आणि दिल्लीचे सेठ पंधरा दिवसांनी येणार होते.

म्हणून कौतिकला बोलावणे गेले. कौतिकच्या बापाने शालिग्रामभाऊंच्या आजोबांची दाढी केली होती. त्या घरातले जावळ, नवरदेवाची हजामत, दहाव्याचे मुंडण, सगळे कौतिकच्या घराकडेच.

आल्यावर त्याने हत्यारांची धोकटी उघडलीच नव्हती. म्हणाला होता, "भाऊ, मी मानसाची हजामत करतो. गावाले समजलं तं?"

"कोन सांगते? परसात तू, मी आन ही. चौथं कोनी हाये का?"

अर्धा दिवस लागला. कौतिकने गाठी ओढल्या नाहीत. बोट आणि कातडे यांच्यामध्ये कात्री सरकवून एकेक गाठ उभी चिरली. आतून लालभडक अंग निघाले, त्यावर मोहरीसारखे गोचीड. प्रत्येक गोचीड चिमटीत धरून त्याने रॉकेलच्या वाटीत टाकला. मग फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि झुपके घडवायला बसला. संध्याकाळी कुत्री उभी राहिली तेव्हा तो दोन पावले मागे सरकला आणि मान वाकडी करून पाहत राहिला. आपल्या हाताने असे काही होईल हे त्याला वाटले नव्हते.

त्यानंतर दर महिन्याच्या एका सोमवारी, दुकान बंद असले की तो यायचा. डॉलीसाठी त्याने वेगळी मशीन घेतली, वेगळी कात्री घेतली. ते सामान एका पत्र्याच्या डब्यात घालून शालिग्रामभाऊंच्या गोठ्यातच टांगून ठेवले. प्रमिलाबाईंना त्याने सगळे शिकवले. रोज फणी मुळापर्यंत घालायची, वरवर नाही. कपड्याच्या साबणाने धुवायचे नाही, रिठ्याने धुवायचे. अंग ओले ठेवायचे नाही. कानातले केस चिमटीने अलगद काढायचे, नाहीतर कान पिकतो. प्रमिलाबाईंनी चार दिवस केले. पुढे फणी कुठे गेली तेही सापडेना. मग कौतिक महिन्यातून दोनदा येऊ लागला.

गावाला सांगितले ते खुद्द शालिग्रामभाऊंनी. स्टेशनवर वॅगनी भरताना डॉली सोबत असायची. बाहेरचे व्यापारी झुपक्यांना हात लावून विचारत, ही कला कुणाची. शालिग्रामभाऊ छाती काढून सांगत, "बापजाद्यापासूनचा न्हावी हाये आपला. आमची बी तोच करतो आन हिची बी."

हे गावात पसरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नेहमीचे गिऱ्हाईक असलेला लोटन दुकानात आला आणि खुर्चीत बसून त्याने धोतर वर केले. "कौतिकभाऊ, माह्या बी ढोपरावर एक झुपका ठेवा."

दुकान हसले. कौतिकही हसला. लोटन त्या दिवशी दाढी करून गेला आणि पुढच्या आठवड्यापासून बस स्टँडसमोरच्या दुकानात जाऊ लागला.

मग एकेक जण जाऊ लागला. कुणी भांडले नाही. रस्त्यात भेटले की रामराम घालत, पण गाल दुसरीकडून गुळगुळीत करून आणलेले असत. अभिमन पाटलाच्या नातवाचे जावळ होते, तेही बोलावणे आले नाही. कौतिक स्वतःहून त्याच्याकडे गेला, सांगितले की कुत्रीची मशीन वेगळी आहे, कात्री वेगळी आहे, ते सामान तर दुकानातही आणत नाही. अभिमनने शांतपणे ऐकून घेतले.

"आन हात?" तो म्हणाला. "हात बी वेगळे ठेवेल हाये का?"

ते वाक्य दोन दिवसांत गावभर झाले. पोरे दुकानावरून जाताना भुंकू लागली.

तानुबाईने, त्याच्या बायकोने, सांगून पाहिले की ती कुत्री सोडून द्या. कौतिकने तिला विचारले, सोडली तर कोण करेल? एक महिना हात लागला नाही तर तिचे अंग पुन्हा सडेल. तानुबाई म्हणाली, तिचे सडेल म्हणून आपले सडू द्यायचे का.  तो सोमवारी सायकल काढून गेलाच.

एका घरात मात्र त्याचा हात चालत होता. शालिग्रामभाऊंचे वडील, तोताराम आबा, अर्धांगाने बाजेवर पडले होते. आठवड्यातून दोनदा कौतिक त्यांची मान आपल्या तळहातावर घेऊन दाढी करायचा. आबांचे अर्धे तोंड वाकडे झाले होते, पण जीभ शाबूत होती. परसात बसलेल्या डॉलीकडे पाहून ते म्हणायचे, "माह्यापेक्षा ती साफ दिसते रे. तिच्यावर जास्त जीव हाये तुहा."

वैशाखात आबा गेले. गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा कौतिकने त्यांची दाढी केली होती.

सुतकात त्या घरी केसांना हात लावायचा नव्हता, म्हणून कौतिक दिवस मोजत होता. दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइके येत, तीही बाहेरगावची. पण आता दहावा होता. नदीवर घरातल्या सगळ्या पुरुषांची डोकी भादरायची, आणि पहिला मान थोरल्या मुलाचा. सगळे गाव तिथे असणार. तो तानुबाईला म्हणाला, "शालिग्रामभाऊ माह्यासमोर बसले की झालं. मंग कोन बोलते? सारे येतीन पाठोपाठ." दोन दिवस तो वस्तरे चामड्यावर घासत होता. नवा पांढरा पंचा आणला. तानुबाईने त्याचा सदरा निळीत बुडवून वाळत घातला.

दहाव्याला उजाडताच तो नदीवर पोचला. चौदा जण उघड्या अंगाने ओळीत बसले होते. त्यांच्यासमोर एक अनोळखी माणूस वाटीत पाणी घेऊन दगडावर वस्तरा घासत होता. शालिग्रामभाऊंचा मेहुणा जीवराम याने त्याला पहाटे जामनेरहून जीपमध्ये घालून आणला होता.

कौतिक धोकटी काखेत धरून उभा राहिला.

"आबाच्या दहाव्याले कुत्र्याचा न्हावी बशीन का?" जीवराम कुणालाच न उद्देशून म्हणाला.

कौतिकने शालिग्रामभाऊंकडे पाहिले. ते नदीच्या पाण्याकडे पाहत होते.

"भाऊ, आबाची शेवटची दाढी मीच केली."

"केली ना. कोन नाही म्हनते?" शालिग्रामभाऊ म्हणाले. "जितेपनी चालून गेलं. हे धर्माचं काम हाये. मले एकट्याले काही नव्हतं, पन चार पाहुने हायेत. वाईट नको वाटू देऊ." मग आवाजात माया आणून, "आलाच हायेस तं असं कर, घरी जाऊन डॉलीचं पाह्य. दिल्लीचे सेठ तेराव्याले येऊन राह्यले. फोटोसारखी दिसली पाहिजे."

ओळीतला कुणीतरी हसला आणि हसू खोकल्यात घातले. जामनेरच्या न्हाव्याने खाली मान घालून पहिल्या डोक्यावर पाणी शिंपडले.

कौतिक वळला. आपण सरळ घरी जायचे, हे त्याने ठरवले होते. गावाची वेस येईपर्यंत ठरवलेले होते, शालिग्रामभाऊंच्या फाटकाशी येईपर्यंतही होते. फाटकातून गोठा दिसत होता. दहा दिवस घरात माणसांची रीघ होती म्हणून डॉलीला तिथे गाईच्या दाव्याने बांधून घातले होते. पाहुण्यांच्या पोरांनी तिच्या शेपटीच्या झुपक्याला फुटका डबा बांधला होता. तिने ओढून ओढून तो झुपका मुळापाशी सोलून काढला होता. डोळे चिपडांनी मिटले होते. एका कानाला माश्या होत्या.

त्याने धोकटी कट्ट्यावर ठेवली, सदरा काढून खुंटीला लावला आणि भिंतीवरचा पत्र्याचा डबा उतरवला.

आधी डोळे कोमट पाण्याने सोडवले. मग कान. मग शेपटीचा फुटका डबा सोडवला. घरात आचारी पुऱ्या लाटत होते, कुणीतरी त्याला चहाचे विचारून गेले आणि चहा आलाच नाही. डॉली त्याच्या मांडीला पाठ टेकून पडली होती. दुखले की अंग चोरायची, पण उठत नव्हती. दोन तासांनी पाठ झाली, तीन पाय झाले.

तेवढ्यात नदीवरची मंडळी परतली. जामनेरच्या माणसाने चौदा डोकी घाईत उरकली होती. कुणाच्या कानावर, कुणाच्या माथ्यावर कापूस चिकटवलेला होता. शालिग्रामभाऊंच्या टाळूवर तीन ठिकाणी रक्त सुकले होते आणि एक जखम अजून वाहत होती. ते पाय धुवायला परसात आले आणि गोठ्याच्या तोंडाशी उभे राहिले.

डॉलीचे अंग उघडे झाले होते. जुने फोड होते, कानाची जखम होती, पण पोटापासून मानेपर्यंत हत्याराचा एक ओरखडा नव्हता. कौतिक तिच्या चौथ्या पायाच्या बोटांमधला केस कात्रीच्या टोकाने काढत होता. ती झोपली होती.

शालिग्रामभाऊंचा हात डोक्याकडे गेला. बोटाला लागलेले त्यांनी पाहिले आणि धोतराला पुसले.

"झालं का?" त्यांनी विचारले.

"एक पाय राह्यला, भाऊ." कौतिकने वर पाहिले नाही. "उन्हात उभे नका राहू. टोपी घाला. ताज्या डोक्याले ऊन लागते."

आणि त्याने पुढचे बोट हातात घेतले.